माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस

हीरक महोत्सवी स्मरणिकेसाठी मुख्याध्यापिकांचा लेख हवा, असे संपादक मंडळाने कळविले तेव्हा शाळेचा इतिहास लिहावा अशी त्यांची अपेक्षा असणार, हे उघड होते. तो इतिहास माझ्याहून अधिकारी व्यक्तींनी या अंकात अन्यत्र लिहिला आहे. मी इतिहासाची शिक्षिका. नववीच्या वर्गात माझ्या हातून घडलेल्या एका चुकीचे परिमार्जन करावे, म्हणून मी हा थोडा आडवळणाचा विषय निवडला आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. इतिहासातील व्यक्ती आणि कल्पनेतील व्यक्ती यांतील भेद समजावून देताना मी फळ्यावर दोन रकाने आखले आणि मुलांना नावे सुचविण्यास सांगितले. कल्पनेच्या रकान्यात फास्टर फेणे आला, बोक्या सातबंडे आला आणि कोणीतरी मागच्या बाकावरून ‘अँथनी गोन्साल्विस’ असे ओरडले. स्नेहसंमेलनात त्या वर्षी त्याच गाण्यावर नाच बसविला होता. मी हसून ते नाव लिहिले. तेव्हा एरवी कधी तोंड न उघडणारा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “बाई, ते खरे होते. व्हायोलिन वाजवायचे. माझे आजोबा सांगतात.” वर्ग हसला. आणि आज लिहिताना संकोच वाटतो, पण मीही हसले. नाव त्याच रकान्यात राहिले.

तो मुलगा बरोबर होता. इतिहास शिकविणाऱ्या बाईंनी पुराव्यावाचून एका माणसाला कल्पनेच्या रकान्यात घातले होते.

अँथनी गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ साली गोव्यातील सासष्टी तालुक्यातील माजोर्डा या गावी झाला. मडगावपासून जवळ, समुद्राच्या काठाने वसलेले हे गाव. वडील गावच्या चर्चमधील गायकवृंदाचे प्रमुख होते. एवढ्या दोन वाक्यांत त्यांच्या पुढील आयुष्याची अर्धी उकल आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. त्यासाठी गोव्याच्या एका जुन्या व्यवस्थेची ओळख करून घ्यावी लागते.

पोर्तुगीज राजवटीत गोव्याच्या गावोगावी चर्चला जोडून लहान शाळा चालत. धर्मशिक्षण आणि प्रार्थनागीते हा त्यांचा मुख्य उद्देश. परंतु प्रार्थना गावयाची तर स्वर हवेत, अनेकांनी मिळून गावयाची तर लिहिलेले स्वर वाचता यायला हवेत. म्हणून या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन शिकविले जाई. पाच रेघांवर मांडलेले स्वर डोळ्यांनी पाहावयाचे आणि वाद्य हाती न घेता ‘डो, रे, मी’ म्हणत गळ्यातून उमटवावयाचे, हा तेथील रोजचा अभ्यास. त्यानंतर व्हायोलिन. ज्या वयात आपल्याकडील मूल बाराखडी गिरवीत असते, त्या वयात माजोर्ड्याचे मूल स्वरलिपी गिरवीत असे. शेतमजुराचा मुलगा असो वा भाटकाराचा, चर्चच्या शाळेत आलेल्या मुलाला ही विद्या मिळे. राज्यकर्त्यांनी गोव्यात काय चांगले केले आणि काय वाईट, हा वादाचा विषय आहे आणि त्यात वाइटाचे पारडे हलके नाही. परंतु संगीत वाचू शकणाऱ्या माणसांच्या पिढ्यांमागून पिढ्या ज्या प्रदेशात तयार झाल्या, असा गोव्यासारखा दुसरा प्रदेश त्या काळी हिंदुस्थानात क्वचितच असेल.

अडचण एवढीच की विद्या होती आणि पोट भरण्याचे साधन नव्हते. त्यामुळे गोव्याची माणसे मुंबईला आली. धोबीतलाव, गिरगाव या भागांत एकेका गावच्या लोकांनी आपापल्या ‘कुडी’ थाटल्या होत्या. एखादी मोठी खोली, भिंतीशी लावलेल्या ट्रंका, समोर देव्हाऱ्यात मेरीची मूर्ती आणि जमिनीवर रांगेने अंथरुणे. आगबोटीवर चढण्याची वाट पाहणारा खलाशी, हॉटेलातील आचारी आणि व्हायोलिनची पेटी उशाशी घेऊन निजलेला वादक, असे सारे एकाच छपराखाली राहत. वादकांना काम मिळे ते लष्करी व पोलिसी बँडमध्ये, मोठ्या हॉटेलांतील नृत्यवृंदात, लग्नसमारंभात. आणि बोलपट आल्यानंतर चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात.

१९४३ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, गोन्साल्विस मुंबईत आले आणि संगीतकार नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिनवादक म्हणून रुजू झाले. तो काळच हिंदी चित्रपटसंगीताच्या विस्ताराचा होता. पेटी, तबला, सारंगी आणि बासरी एवढ्यावर भागत असलेल्या गाण्याच्या पाठीशी हळूहळू व्हायोलिनांच्या रांगा, चेलो, ट्रंपेट, क्लॅरिनेट उभे राहू लागले. ‘आन’ या १९५२ सालच्या चित्रपटासाठी नौशाद यांनी शंभर वादकांचा ताफा वापरला, असे सांगतात.

आता हे शंभर वादक एकत्र कसे वाजवितात, याचा विचार आपण श्रोते सहसा करीत नाही. संगीत दिग्दर्शक पेटी पुढ्यात घेऊन चाल बांधतो. ती चाल त्याच्या गळ्यात असते, सरगमीत असते. परंतु वीस व्हायोलिनांनी कोणत्या क्षणी शिरावे, चेलोने खाली कोणता स्वर धरून ठेवावा, गायिकेने श्वास घेताना रिकामी राहिलेली जागा बासरीने भरावी की क्लॅरिनेटने, हे सारे कागदावर लिहून प्रत्येकाच्या पुढ्यात ठेवावे लागते. हे काम करणारा तो संयोजक, म्हणजे अरेंजर. त्या वेळचे ध्वनिमुद्रण सलग होई. एकाचा स्वर चुकला की सर्वांनी पुन्हा पहिल्यापासून. अशा ठिकाणी कागदावरील स्वर पाहताक्षणी अचूक वाजविणारे गोव्याचे वादक आणि ते स्वर झरझर लिहिणारे गोव्याचे संयोजक यांच्यावाचून स्टुडिओचे पान हलत नसे. शंकर-जयकिशन यांच्यासाठी सेबॅस्टियन डिसोझा यांनी हे काम वर्षानुवर्षे केले. आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांना ‘अलबेला’च्या वेळी साथ होती ती हळदोण्याच्या अंतोनियो झेवियर वाझ यांची. संगीताच्या दुनियेत ते ‘चिक चॉकलेट’ या नावाने ओळखले जात आणि त्या चित्रपटात आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावर दिसतातही.

पडद्यावर दिसण्याचे भाग्य मात्र अपवादात्मकच. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत संयोजकाचे नाव बहुधा नसे. असलेच तर ‘सहायक’ या एका शब्दाखाली. ज्याने चाल बांधली तो संगीतकार, हे न्याय्यच आहे. परंतु त्या चालीला जे शरीर मिळाले, ते घडविणारा हात अनामिक राहिला. गोन्साल्विस यांनी नौशाद, अनिल विश्वास, सचिनदेव बर्मन, मदनमोहन अशा संगीतकारांसमवेत काम केले; ‘महल’ आणि ‘नया दौर’ यांसारख्या चित्रपटांच्या संगीताशी त्यांचे नाव जोडले जाते. आपल्यापैकी ज्यांच्या घरी रेडिओ होता, त्या सर्वांनी त्यांचे काम ऐकले आहे. कोणाचे ते ऐकतो आहोत, हे कोणासच ठाऊक नव्हते.

वांद्र्याला ते व्हायोलिनचे वर्गही घेत. त्यांच्याकडे शिकून गेलेल्यांत राहुलदेव बर्मन होते आणि प्यारेलाल शर्मा होते. प्यारेलाल यांचे वडील रामप्रसाद शर्मा हे स्वतः ट्रंपेटवादक. त्यांनी आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या हाती व्हायोलिन दिले आणि त्याला गोन्साल्विसांकडे धाडले. या मुलाकडे पुढे आपल्याला परत यावयाचे आहे.

स्टुडिओतील उत्तम वादक, मागणी असलेला संयोजक, चांगला शिक्षक. एका आयुष्यासाठी इतके पुरेसे होते. पण गोन्साल्विसांचे तेवढ्यावर समाधान झाले नाही. मुंबईत त्यांच्या कानांवर हिंदुस्थानी रागसंगीत पडले आणि त्याने त्यांना झपाटले. चर्चच्या गायनात वाढलेला हा तरुण रागदारी शिकू लागला. सारंगीवादक पंडित रामनारायण यांच्यासारख्या कलावंतांकडून त्यांनी धडे घेतले. त्यांच्या भोवतालच्या अनेक गोमंतकीय वादकांसाठी हिंदुस्थानी संगीत म्हणजे दिवसाची मजुरी आणि पाश्चात्त्य अभिजात संगीत म्हणजे संध्याकाळचे प्रेम, अशी वाटणी होती. ही वाटणी गोन्साल्विसांना मान्य नव्हती.

व्हायोलिन हे वाद्य या दोन्ही संगीतांत आहे, म्हणून हा पूल बांधणे सोपे असेल असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः दोन्हीकडचे व्हायोलिन म्हणजे एकाच आडनावाची दोन वेगळी घराणी आहेत. आपल्या देशात हे वाद्य रुजविण्याचे श्रेय मुथुस्वामी दीक्षितरांचे धाकटे बंधू बालुस्वामी यांना देतात. त्यानंतर दक्षिणेत ते गायनाचे सोबती झाले. आपल्याकडे गजाननबुवा जोशी, वि. गो. जोग, गोव्याचेच श्रीधर पार्सेकर यांनी त्यातून ख्याल बोलता केला. आपला वादक मांडी घालून बसतो, वाद्याचे टोक पायाशी टेकवितो, तारा ‘सा’ आणि ‘प’ यांच्या जोड्यांत लावतो आणि त्याचे बोट तारेवरून घसरत एका स्वरातून दुसऱ्यात मिंडेने जाते. पाश्चात्त्य वादक वाद्य हनुवटीखाली धरतो, तारा चार वेगळ्या ठरलेल्या स्वरांत लावतो आणि त्याचे बोट स्वरावर नेमके पडते. त्याला त्या नेमकेपणाची सक्त गरज असते, कारण त्याच्या शेजारी आणखी पंधरा जण तोच स्वर त्याच क्षणी वाजवीत असतात.

खरी अडचण मात्र बोटांची नाही, संगीताच्या रचनेची आहे. आपला राग आडवा वाहतो. एकामागून एक स्वर येतात आणि त्यांच्या येण्याच्या क्रमात, थांबण्यात, परतण्यात रागाचे रूप असते. पाश्चात्त्य संगीतात त्याबरोबरच उभी रचना असते, म्हणजे एकाच वेळी तीन-चार वेगळे स्वर एकमेकांवर रचलेले असतात. त्यालाच आपण स्वरसंवाद म्हणू. नुसत्या व्याख्येने हे कळत नाही, असा माझा स्वतःचा अनुभव आहे. म्हणून आमच्या संगीतशिक्षकांकडून मी ते पेटीवर करवून घेतले आणि विद्यार्थ्यांनीही एकदा संगीताच्या खोलीत जाऊन करून पाहावे.

पेटीवर सा, ग, प या तीन पट्ट्या एकदम दाबा. भरलेला, समाधानी आवाज येईल. पाश्चात्त्य संगीताची सारी इमारत या तीन स्वरांच्या पायावर उभी आहे. आता वृंदावनी सारंग आठवा. दुपारचा हा राग. त्याच्या आरोहात सा, रे, म, प आणि शुद्ध निषाद. अवरोहात कोमल निषाद. गंधार नाही, धैवत नाही. म्हणजे ज्या तीन स्वरांवर पाश्चात्त्य संगीत उभे राहते, त्यांतील मधला स्वरच या रागात वर्ज्य आहे. सा-ग-प वाजविले की सारंग मोडला. मग म-ध-सा घ्यावे, तर धैवत नाही. रे-म-ध घ्यावे, तरी तोच अडसर. प, शुद्ध निषाद आणि वरचा रिषभ यांची तिकडी जमते. कोमल निषाद, रे आणि म यांचीही जमते. पण आणखी एक मेख आहे. चाल खाली उतरत असताना कोमल निषाद लागत असेल आणि त्याच वेळी चेलोने शुद्ध निषाद धरून ठेवला असेल, तर दोघांचे भांडण श्रोत्यांना ऐकू येते. आमच्या पेटीवर ते झाले आणि आठवीच्या मुलींनी कानांवर हात ठेवले.

गोन्साल्विसांच्या रचनांपैकी एक आहे ती राग सारंगमधील व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीची कॉन्चेर्टो. संगीतात मला फारशी गती नाही, तरीही पेटीवरील तो प्रयोग झाल्यानंतर त्यांनी या रागाला हात घातला याचे मला फार अप्रूप वाटले. सोपा राग निवडावयाचा तर बिलावल होता, यमन होता. ज्याच्या पोटात पाश्चात्त्य स्वरसंवादाला सर्वांत कमी जागा आहे, अशा रागांपैकी एकाशी त्यांनी सामना मांडला. ‘सोनातिना इंडियाना’ ही त्यांची दुसरी एक रचना. नावावरूनच दोन्ही घरे दिसतात.

या साऱ्या खटाटोपाचा कळस १९५८ साली झाला. गोन्साल्विसांनी ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ या नावाने वाद्यवृंद उभा केला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या दगडी इमारतींनी वेढलेल्या चौकात, उघड्या आकाशाखाली, त्यांच्या कार्यक्रमाला ११० कलावंत एकत्र आले. रागांवर आधारलेल्या त्यांच्या सिंफनी रचना सादर झाल्या. एकल गायक होते लता मंगेशकर आणि मन्ना डे. एरवी बंद स्टुडिओत काचेच्या पलीकडे बसून दुसऱ्याच्या चाली वाजविणारे वादक त्या रात्री लोकांसमोर बसले होते आणि वाजवीत होते ते त्यांच्यातीलच एकाने लिहिलेले संगीत. लिहिणाऱ्याचे वय एकतीस किंवा त्याच्या आसपास.

येथे एक खुलासा केला पाहिजे. असा प्रयोग करणारे गोन्साल्विस हे पहिलेच, असे मी म्हणणार नाही. स्मरणिकांतील लेखांना ‘पहिले’ या शब्दाचा फार मोह असतो आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यापासून सावध राहिले पाहिजे. मुंबईत मेहली मेहता यांनी १९३५ सालीच बाँबे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला होता, जरी तो पाश्चात्त्य रचना वाजवी. जॉन फोल्ड्स या इंग्रज संगीतकाराने तिसाव्या दशकाच्या अखेरीस दिल्लीच्या आकाशवाणीवर देशी वादकांना स्वरलिपी शिकवून त्यांचा वृंद बांधला होता. स्वातंत्र्यानंतर आकाशवाणीचा स्वतःचा वाद्यवृंद रविशंकरांच्या हाताखाली उभा राहिला. इतकेच कशाला, आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ साली गायनशाळा काढली आणि गाणे कागदावर उतरविण्याची स्वतःची पद्धत सिद्ध केली, तेव्हापासून या दिशेने लोक धडपडत आले आहेत. गोन्साल्विसांचे वेगळेपण यात, की मौलाबक्षांच्या पाठीशी संस्थान होते, आकाशवाणीच्या वृंदापाठीशी सरकार होते, आणि या माणसाच्या पाठीशी संस्थान नव्हते, सरकार नव्हते. चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणावर पोट असलेल्या व्यवसायबंधूंना गोळा करून त्याने हे केले.

म्हणूनच ते टिकले नाही. एकशे दहा कलावंतांचा वृंद ही एका रात्रीची वस्तू नव्हे. महिनोन्महिने सराव हवा, सरावाला जागा हवी, वादकांचा त्या दिवसाचा बुडालेला रोज भरून द्यावयास हवा. रागदारीच्या बैठकीला चार तंबोरे, एक तबलजी आणि एक रसिक यजमान पुरतो. सिंफनीला संस्था लागते. शिवाय श्रोता कोण? पाश्चात्त्य संगीताच्या जाणकारांना हे अर्धवट देशी वाटणार आणि रागदारीच्या जाणकारांना अर्धवट विलायती. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण येथे शब्दशः लागू पडावी याचे वाईट वाटते.

१९६५ साली गोन्साल्विस अमेरिकेला गेले. न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज विद्यापीठाची प्रवासवृत्ती त्यांना मिळाली होती. तेथे संगीतरचनाकारांच्या संघटनेचे सदस्यत्वही त्यांना लाभले. योगायोग असा की त्याच वर्षी भाड्याच्या दोन खोल्यांत आपली शाळा सुरू झाली. आपल्या पहिल्या तुकडीतील मुले पाट्यांवर अक्षरे गिरवीत होती, तेव्हा चित्रपटसृष्टीतील एक अव्वल संयोजक आपले भरात आलेले काम सोडून निघून गेला होता.

एका वर्षाने, १९६६ मध्ये, इंग्लंडमधील बाथ येथील महोत्सवात यहुदी मेन्युहिन आणि रविशंकर एकत्र वाजवावयास बसले आणि पूर्व-पश्चिमेच्या भेटीचा जगभर गाजावाजा झाला. १९७१ साली रविशंकरांची सतार आणि वाद्यवृंदासाठीची कॉन्चेर्टो लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राने वाजविली. १९८५ साली एल. सुब्रमण्यम यांची वेदमंत्रांवरील रचना न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने, मेहली मेहतांचे चिरंजीव झुबिन मेहता यांच्या संचालनाखाली सादर केली. ही सारी थोर माणसे आहेत आणि त्यांचे यश अस्सल आहे. पण त्यांच्या पाठीशी उभे राहिलेले वाद्यवृंद दीर्घ परंपरेचे आणि भक्कम देणग्यांचे होते, हेही खरे. आपल्या देशात पूर्ण वेळ वेतनावर चालणारा सिंफनी वाद्यवृंद, तोही मुंबईतच, उभा राहण्यास २००६ साल उजाडावे लागले.

गोन्साल्विस अमेरिकेतून परतले ते मुंबईच्या स्टुडिओत नव्हे, माजोर्ड्याला. चित्रपटसृष्टीशी त्यांचा संबंध संपला होता. तेथे त्यांना लोक हळूहळू विसरले. आणि विसरले नव्हते ते प्यारेलाल.

वांद्र्याच्या वर्गात व्हायोलिन शिकलेला तो मुलगा एव्हाना लक्ष्मीकांत कुडाळकरांच्या साथीने हिंदी चित्रपटसंगीताच्या शिखरावर होता. १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये अमिताभ बच्चन यांच्या पात्राला एक मजेदार गाणे हवे होते. ईस्टरच्या मेजवानीत भल्या मोठ्या अंड्यातून बाहेर पडून ते गावयाचे होते. पात्राचे आडनाव आधी फर्नांडिस ठरले होते असे सांगतात. प्यारेलालजींनी आपल्या गुरूचे आडनाव सुचविले. ‘माय नेम इज अँथनी गोन्साल्विस’ हे गाणे किशोरकुमारांनी गायिले, त्याआधी अमिताभ बच्चन यांनी अर्थ नसलेल्या भारदस्त इंग्रजी शब्दांची फैर झाडली, आणि सारा देश ते नाव घेऊ लागला. मी तेव्हा सात वर्षांची होते. वडिलांच्या मांडीवर बसून पाहिलेल्या त्या चित्रपटातील फारच थोडे आठवते, पण ते अंडे आठवते.

या गुरुदक्षिणेविषयी काय म्हणावे, हे मला आजही नीट ठरविता आलेले नाही. शिष्याचे प्रेम निर्विवाद आहे. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांचे नाव शिष्याने थेट गाण्याच्या मुखड्यात नेऊन बसविले, यापेक्षा मोठे श्रेय कोणते? दुसरीकडे, त्या नावावर लोक हसतात. नाव अजरामर झाले आणि त्याच नावाखाली माणूस दिसेनासा झाला. इतका, की इतिहासाच्या शिक्षिकेनेही त्याला काल्पनिक ठरविले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि त्यांतील एक निवडण्याचा आग्रह मी धरीत नाही.

पुढे काही अभ्यासकांनी त्यांचा शोध घेतला. पत्रकार नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या गोमंतकीय वादकांविषयी लिहिताना त्यांची कथा सविस्तर मांडली. आपले मराठी चित्रपट समीक्षक अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला. १८ जानेवारी २०१२ रोजी गोव्यात, वयाच्या पंचाऐंशीव्या वर्षी, गोन्साल्विसांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांना बातमीसाठी त्या गाण्याचाच आधार घ्यावा लागला. प्यारेलालजींना २०२४ साली पद्मभूषण मिळाले, त्या वेळीही गुरूचे नाव पुन्हा एकदा निघाले.

मी सारंगमधील ती कॉन्चेर्टो ऐकलेली नाही, हे येथे नमूद करणे माझे कर्तव्य आहे. न ऐकलेल्या संगीताविषयी लिहिणे हे न पाहिलेल्या किल्ल्याविषयी लिहिण्यासारखे आहे. कागदावरील नकाशा पाहून मी लिहिले आहे. किल्ल्याची वाट कोणास सापडली, तर मला जरूर कळवावे.

तो मुलगा शाळा सोडून गेला. त्याने पुढे वाणिज्य शाखा घेतल्याचे कळते. मी त्याला पत्र लिहिले, चूक कबूल केली आणि आजोबांना नमस्कार कळविला. त्याचे उत्तर आले, तेही मोजून दोन ओळींचे. आजोबा आता नाहीत, पण ते ऐकून खूश झाले असते, असे त्याने लिहिले होते.

यंदाच्या हीरक महोत्सवी संमेलनात माजी विद्यार्थ्यांच्या आग्रहास्तव तेच गाणे पुन्हा बसविले आहे. पुठ्ठ्याचे अंडे चित्रकला विभागाने नव्याने रंगविले. नाच सुरू होण्याआधी सातवीतील एक मुलगी पुढे येऊन गोन्साल्विसांविषयी चार वाक्ये सांगणार आहे आणि पाठोपाठ आमचे संगीतशिक्षक मिनिटभर सारंग वाजवतील, पेटीवरच, कारण शाळेत व्हायोलिन नाही. रंगीत तालमीत तिला ‘माजोर्डा’ हा शब्द दोनदा अडला; तिसऱ्यांदा तिने तो स्वच्छ म्हटला.